वाळवंटातली अवघड डोंगरवाट दोघांनी चढताना: साठीपुढच्या जोडप्यांसाठी टप्प्याटप्प्याने

वाळवंटी डोंगरात अडकलेल्या ज्येष्ठ जोडप्यांच्या चुका थोड्याफार फरकाने त्याच असतात. निघायला उशीर होतो. सगळं पाणी एकाच सॅकमध्ये असतं. वेगाने चालणारा पुढे आणि दमणारा मागे असतो. आणि दोघांपैकी एकाला तासाभरापूर्वीच परत फिरावंसं वाटलेलं असतं, पण ‘हिचा हिरमोड नको’ किंवा ‘ह्यांना वाईट वाटेल’ म्हणून ते बोललेलं नसतं. ही शेवटची चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून खाली ती पुन्हा पुन्हा येईल.

टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बूट आणि सॅक घेऊन झाल्यावर डॉक्टरांकडे जाण्यात अर्थ नाही.

१. तीन महिने आधी: औषधांची यादी

वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते, घाम उशिरा आणि कमी सुटतो. तरुणपणी शरीर जो इशारा वेळेवर द्यायचं तो आता उशिरा मिळतो. त्यात औषधांची भर पडते. दोघांच्या सगळ्या गोळ्या एका कागदावर लिहा, रोजच्याही आणि अधूनमधून घ्यायच्याही. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवून सांगा, ‘कोरड्या उन्हात सहा-सात तास चढउतार करायचा आहे.’ विशेषतः यांबद्दल विचारा:

- रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. पाणी आणि क्षार दोन्ही कमी होतात.
- बीटा ब्लॉकर, म्हणजे रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या. नाडी फारशी वाढू देत नाहीत. त्यामुळे घड्याळावरचा आकडा शंभराच्या आत दिसतो आणि माणूस मात्र पार थकलेला असतो.
- सर्दी-अॅलर्जीच्या काही जुन्या धाटणीच्या गोळ्या. घाम कमी करतात, झोप आणतात.
- आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. गुडघ्यासाठी सकाळीच एक घेऊन निघण्याची सवय अनेकांना असते. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात.
- मधुमेहाची औषधं. चालण्याने साखर उतरते, आणि इन्सुलिन उन्हात तापलं तर निकामी होतं.

सावधान: यादी वाचून स्वतःच एखादी गोळी बंद करू नका. डोस किंवा वेळ बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील.

चष्म्याचंही पाहून घ्या. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो. उतारावर पावलांकडे पाहताना नजर नेमकी त्याच भागातून जाते आणि दगड धूसर दिसतो. डोंगरासाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्या.

तपासा: भिंतीजवळ उभं राहून, आधार न घेता एका पायावर दहा सेकंद तोल राहतो का? दोघांनीही करून पाहा. राहत नसेल तर आधी तोलाचा सराव करा, अवघड वाट नंतर.

२. वाट निवडताना किलोमीटर शेवटी पाहा

‘फक्त आठ किलोमीटर आहे’ हे वाक्य फसवं आहे. आधी एकूण चढ पाहा, मग जमीन कशी आहे ते, मग सावली, मग पाणी, मग अर्ध्यातून बाहेर पडायला वाट आहे का, आणि सगळ्यात शेवटी अंतर.

वेळेच्या अंदाजासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम अजून कामी येतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. जाऊन-येऊन १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर दोन अधिक दीड, म्हणजे साडेतीन तास. पण हा हिशेब थंड हवेतल्या धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. ऊन, घसारा (सुट्या दगडमातीचा निसरडा उतार) आणि साठीपुढचे गुडघे धरून मी त्याच्या दीडपट ते दुप्पट वेळ लावतो. म्हणजे सव्वापाच ते सात तास. पुढचं पाणी, निघण्याची वेळ, परतीची वेळ, सगळं याच आकड्यावर ठरतं, तेव्हा तो लिहून ठेवा.

वाट डोंगरावर चढते की दरीत उतरते, हेही पाहा. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीत सुरुवात उताराने होते. ब्राइट एंजल वाटेने काठावरून नदीपर्यंत जवळपास १,३०० मीटर खाली जावं लागतं. काठावर हवा सुखद असते. उन्हाळ्यात तळाशी मात्र सावलीतही पारा ४० अंशांच्या वर जातो. सोपा भाग ताज्या पायांनी होतो आणि सगळा चढ दमल्यावर, तापल्यावर येतो. वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा, असा सल्ला तिथे देतात. एका दिवसात नदी गाठून परत येऊ नका, असंही बजावतात. उतरताना ‘किती सहज चाललोय आपण’ असं वाटलं की सावध व्हायचं.

कातळाचे टप्पे, साखळ्या किंवा कठड्यावरची अरुंद वाट असेल तर त्या जागेचे फोटो आधी पाहा. हातांनी धरून चढता येतं तिथून उतरता येतंच असं नाही, कारण उतरताना पाय ठेवायची जागा दिसत नाही. पायऱ्या म्हणजे सोपं, हाही गैरसमज आहे. इजिप्तमधल्या सिनाई पर्वतावर (उंची २,२८५ मीटर) दोन वाटा जातात, उंटांची वळणावळणाची आणि सुमारे ३,७५० दगडी पायऱ्यांची. पायऱ्यांची वाट जवळची आहे, पण त्या ओबडधोबड आणि उंचसखल पायऱ्या उतरताना गुडघे बोलायला लागतात. गुडघा दुखरा असेल तर लांबची वाट घ्या.

हंगाम थंडीचाच निवडा, पण रात्र हिशेबात धरा. वाळवंटात ऊन गेलं की गारठा झपाट्याने येतो. उंची हजार मीटरने वाढली की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी हवा बरी वाटली तरी पहाटे माथ्यावर हातपाय काकडतात.

सावधान: वाट कोरड्या ओढ्यातून किंवा अरुंद घळीतून जात असेल तर फक्त तिथला अंदाज पाहू नका, वरच्या सगळ्या डोंगराचा पाहा. डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही कित्येक किलोमीटरवर पडलेल्या पावसाचा लोंढा घळीत येतो.

३. दहा-बारा आठवड्यांचा सराव, त्यातही उतरण्याचा

चढायचा सराव सगळे करतात, उतरायचा कुणी करत नाही. चढताना दम लागतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलतात. सवय नसेल तर काही वेळाने पाय थरथरू लागतात, आणि अशाच पायांनी पडणं होतं. आठवड्यातून दोनदा जिने उतरा, मुद्दाम सावकाश, पाय न आपटता. एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय हळूच जमिनीला टेकवून परत वर घ्या. प्रत्येक पायाने दहा वेळा, हळूहळू वाढवत.

सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या ठेवा. पहिले काही आठवडे वर पोचल्यावर पाणी ओतून टाका आणि हलक्या पाठीने उतरा. शेवटच्या महिन्यात भरल्या सॅकनेच उतरा.

उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि उन्हापासून दूर राहिलं की तीही ओसरते. थंड प्रदेशातून जात असाल तर आठवडाभर आधी पोचा आणि रोज थोडं, वाढवत वाढवत चाला. विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी माथा गाठायचा बेत मला वेडेपणाचा वाटतो.

सराव एकेकट्याने केलात तरी निदान चार लांब फेऱ्या एकत्र करा, त्याच बुटांनी आणि त्याच सॅकने. दोघांचा मिळून वेग किती, कोण कधी गप्प होतं, भूक लागली की कोण चिडतं, हे तिथेच कळतं. इतक्या वर्षांच्या संसारात ते कळलेलं असतं असं तुम्हाला वाटेल, पण चढणीवर माणूस वेगळा निघतो.

४. सामान: दोन सॅक, दोन्ही स्वयंपूर्ण

‘पाणी माझ्याकडे, खाणं तुझ्याकडे’ ही वाटणी घरात ठीक आहे. वाटेवर दोघांची चुकामूक झाली तर एकाकडे पाणी नाही आणि दुसऱ्याकडे गोळ्या नाहीत. प्रत्येक सॅकमध्ये स्वतःचं पाणी, खाणं, हेडटॉर्च, शिट्टी, चकचकीत आपत्कालीन ब्लँकेट, नकाशा आणि दोघांच्याही औषधांचा एकेक डोस हवा. गाडीची किल्लीसुद्धा दोघांकडे.

*पाणी.* उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. सहा तासांसाठी तासाला पाऊण लिटर धरा, म्हणजे साडेचार. वर एक लिटर राखीव. माणशी साडेपाच लिटर म्हणजे पाठीवर साडेपाच किलो. हे वजन झेपत नसेल तर पाणी कमी करू नका, वाट लहान करा. नकाशावर दाखवलेला नळ किंवा झरा त्या आठवड्यात चालू आहे का, ते तिथल्या वनखात्याला किंवा उद्यानाच्या कार्यालयाला विचारा. ‘चालू असेल’ या भरवशावर एक थेंबही वगळू नका. नळीच्या पाणपिशवीत किती उरलंय ते दिसत नाही, आणि ती फुटली तर सगळंच जातं. निदान एक तरी बाटली हवीच.

*क्षार.* तासन्‌तास नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळायला होतं. लक्षणं उष्माघातासारखी दिसल्याने माणसं आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण बिघडतं. खारट खाणं चालू ठेवा, मधूनमधून ओआरएस घ्या. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच विरघळवा, अर्ध्या बाटलीत घट्ट करू नका. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

*अंगावर.* सैल, लांब बाह्यांचा फिका सदरा, रुंद काठाची टोपी, मानेवर कापड. उघड्या अंगाने गार वाटतं हा भ्रम आहे. ऊन थेट कातडीवर येतं आणि अंग जास्त तापतं. पहाटेसाठी एक उबदार थर आणि वारा अडवणारं जाकीट.

*पायात.* चालून रुळलेले बूट, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले. ही जागा नसेल तर उतारावर नखं काळी पडतात. वाळू आणि खडे आत जाऊ नयेत म्हणून घोट्यावर गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावर चढवायचं कापडी वेष्टण. दोघांनाही दोन-दोन पोल (चालताना टेकायच्या काठ्या).

*बारीकसारीक.* चिमटा आणि साधा कंगवा. निवडुंगाचा काटेरी गोळा चिकटला तर बोटाने ओढू नका, कंगव्याने उडवा. छोटा आरसा. जास्तीचा चष्मा.

*संपर्क.* फोन उन्हात तापला की आपोआप बंद पडतो. तो सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळून ठेवा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि कागदी नकाशाही बाळगा. मोबाइलची रेंज नसलेल्या भागात उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारं उपकरण फार मोलाचं. मात्र काही देशांत त्याला परवानगी लागते, आधी चौकशी करा. ते कसं चालवायचं हे दोघांनाही यायला हवं. एकालाच येत असेल आणि नेमका तोच आडवा झाला, तर उपकरण असून नसल्यासारखं.

५. आदल्या संध्याकाळी: तीन गोष्टी ठरवा

पहिली, तिसरा माणूस. घरच्या किंवा मुक्कामाच्या ठिकाणच्या कुणाला वाटेचं नाव, गाडी कुठे ठेवणार, परतायची वेळ आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत पथकाला कळव’ ही वेळ लिहून द्या.

दुसरी, परत फिरण्याची वेळ. कुठे पोचलो हे पाहायचं नाही, घड्याळ पाहायचं. साडेनऊ ठरलं असेल तर साडेनऊला, माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी. वर घालवलेली ती वीस मिनिटं खाली चाळीस होऊन वसूल होतात, तीही भर उन्हात.

तिसरी, थांबण्याचा शब्द. कुठलाही साधा शब्द घ्या. दोघांपैकी कुणीही तो उच्चारला की परत फिरायचं. कारण विचारायचं नाही, ‘अजून थोडं’ म्हणायचं नाही, रात्री जेवताना टोमणा मारायचा नाही. हे आदल्या दिवशी ठरवायला हवं, कारण वाटेवर दोघंही एकमेकांचं मन राखायला बघतात. मी स्वतः एकदा माथ्याच्या जरा खालून परतलो. शब्द बायकोने उच्चारला, आणि सुटका माझी झाली. गुडघा तासभर ठणकत होता आणि मी ‘काही नाही, काही नाही’ म्हणत होतो.

तपासा: दोघांनी स्वतंत्रपणे कागदावर लिहा: उद्याची परतीची वेळ आणि माणशी पाणी किती. आकडे जुळले नाहीत तर बोलणं झालेलं नाही.

६. चढताना

उजाडण्याआधी निघा. दहा वाजेपर्यंत अवघड भाग संपलेला असावा, दहा ते चार ऊन अंगावर घ्यायचं नाही.

पहिली वीस मिनिटं मुद्दाम रेंगाळत चाला. पुढे सावकाश चालणारा, मागे वेगवान. वेगवान माणसाला हे जड जातं. मग त्याच्या सॅकमध्ये जास्त वजन टाका, पण पाण्याची वाटणी मोडू नका. क्रम उलटा असला तर मागे राहिलेला माणूस धापा टाकत पोचतो आणि पुढचा तोवर विसावून उठलेला असतो. मग विश्रांती एकालाच मिळते, तीही गरज नसलेल्याला.

वेग बरोबर आहे का, हे बोलण्यावरून कळतं. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘नाही’ एवढंच येत असेल तर वेग कमी करा. दर १५-२० मिनिटांनी चार घोट, पाऊण तासाने सावलीत पाच मिनिटं. ‘तहान आहे का?’ असं विचारू नका, बाटली हातात द्या.

प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहा आणि परतीच्या दिशेचा फोटो काढा. वाळवंटात मळलेली वाट अनेकदा नसतेच, कातळावर दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात. पुढची लगोरी दिसेपर्यंत आधीची नजरेआड करू नका. दिसेनाशी झाली तर एकाने तिथेच उभं राहायचं आणि दुसऱ्याने हाकेच्या अंतरात शोधायचं.

हात टेकण्यापूर्वी कपारीत पाहा. साप आणि विंचू तिथे सावलीलाच बसलेले असतात.

तपासा: परतीच्या वेळेला, किंवा एक तृतीयांश पाणी संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा फिरा. एक भाग चढायला, एक उतरायला, एक अडचणीला. दरीत उतरणारी वाट असेल तर उतरताना तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच वापरा.

७. उतरताना

निघण्याआधी दहा मिनिटं बसा, काहीतरी खा, बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट करा, पोल थोडे लांब करा. चष्मा बदला.

पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. पोल आधी खाली टेकवून मग पाय. घसाऱ्यावर एका वेळी एकानेच उतरायचं आणि दुसऱ्याने बाजूला थांबायचं, बरोबर खाली नाही. निसटलेला दगड खालच्याच माणसावर येतो. आधारासाठी एकमेकांचा हात धरून उतरणं प्रेमळ दिसतं, पण एक घसरला की दोघं जातात. उंच पायरीवर बसून उतरा, लाजू नका.

गाडी दिसू लागली की बोलणं वाढतं आणि पावलांवरचं लक्ष उडतं. शेवटच्या अर्ध्या तासाआधी मुद्दाम एकदा थांबा.

८. बिघडलं तर

चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोकेदुखी, भरपूर घाम: उष्णतेने आलेला थकवा. सावली, पाय वर, कपडे सैल, ओआरएसचे छोटे घोट, अंगावर पाणी. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी वर जायचं नाही.

बोलणं असंबद्ध, चाल झोकांडत, विनाकारण चिडचिड, शुद्ध हरपणं: हा उष्माघात समजा. शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असू शकतं. अंग घामाने ओलं असलं तरी उष्माघात असू शकतो. मदत बोलवा, पण थंड करणं त्याच क्षणी सुरू करा. कपडे भिजवा आणि टोपीने, नकाशाने, हाताला येईल त्याने वारा घाला. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, म्हणून हा उपाय तिथे फार चांगला चालतो. नीट शुद्धीत नसेल तर तोंडाने काही देऊ नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. जोडीदार एरवी शांत असेल आणि अचानक ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून खेकसला, तर तेही लक्षणच धरा.

त्याला सोडून मदतीला जावं का? गोंधळलेल्या माणसाला एकटं सोडू नका, तो उठून चालू लागतो. संकेत तिथूनच द्या: मिनिटभरात सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तर आलं तर मिनिटाला तीन असं येतं. दिवसा आरशाचा कवडसा फार लांब दिसतो. माणूस पूर्ण शुद्धीत आहे, पाय मोडलाय, संपर्काचं साधन नाही आणि तिसऱ्या माणसाला दिलेली वेळ फार दूर आहे, एवढं सगळं जुळलं तरच जा. त्याच्याजवळ पाणी, सावली, ब्लँकेट, शिट्टी ठेवा आणि जागेची खूण लिहून घ्या.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, मदत बोलवा.

वाट चुकली तर सावलीत एकत्र थांबा. दोघांनी दोन दिशांना शोधायला जाणं म्हणजे एकाऐवजी दोन माणसं हरवणं.

९. खाली आल्यावर

लगेच गाडी चालवू नका. अर्धा तास बसा, खारट काहीतरी खा, पाणी घटाघट न पिता सावकाश प्या. गाडीत माणशी दोन लिटर आधीच ठेवलेलं असावं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग पाहा. गडद पिवळा म्हणजे पाणी कमी पडलं. चहासारखा तपकिरी झाला आणि अंग विलक्षण दुखत असेल, तर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात उतरत असण्याची शक्यता असते. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

बूट बाहेर काढून ठेवले असतील तर घालण्याआधी झटका. आणि बसल्या बसल्या पहिलं काम म्हणजे तिसऱ्या माणसाला फोन. दमून दोघंही झोपी गेलात, तर ठरल्या वेळी मदत पथक डोंगरावर तुम्हाला शोधत असेल.